बायपासनंतर गेलेला आवाज : हरिपूरच्या आप्पांचं प्रकरण

आप्पांचा खरा आवाज मी ऐकला तो मोबाइलवर. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चाललेला, राजापुरी हळदीच्या पोत्यांभोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं, आणि मधोमध उभे आप्पा भाव पुकारतायत. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या गाळ्यातले हमालही मान वळवून बघतायत. तो व्हिडिओ त्यांच्या बायपासच्या दोन आठवडे आधीचा होता. पुतण्याने तो मला दाखवला तेव्हा आप्पा माझ्या समोरच खुर्चीत बसले होते. ते काहीतरी सांगत होते, पण तोंडातून नुसता वारा बाहेर पडत होता.

मी सांगलीत कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतो. हे प्रकरण आप्पांच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटू नये म्हणून काही बारीक तपशील बदलले आहेत, वैद्यकीय गोष्टी मात्र घडल्या तशाच आहेत.

आप्पा ६१ वर्षांचे, हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव एके काळी हळदीच्या पेवांसाठी, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांसाठी, प्रसिद्ध होतं. त्यांचे वडीलही हळदीच्याच धंद्यात होते. आप्पांनी ३० वर्षांहून जास्त काळ अडत दुकानात सौदे पुकारले. १४ वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू, आणि अलीकडेच सोडलेली तंबाखू. छातीत दुखायला लागल्यावर अँजिओग्राफी झाली, तिन्ही धमन्यांत अडथळे निघाले आणि डिसेंबरात बायपास झाली.

ऑपरेशन यशस्वी झालं, हे आधीच सांगून टाकतो. आप्पा आज आहेत ते त्या सर्जनमुळे. पुढे जे लिहिणार आहे त्याचा अर्थ कुणी हलगर्जीपणा केला असा काढू नये.

ऑपरेशन धडधडत्या हृदयावर झालं, म्हणजे हृदय न थांबवता. छातीच्या डाव्या बाजूची आतली धमनी सोडवून हृदयाला जोडली आणि पायाच्या शिरेचे दोन तुकडे वापरले. साडेपाच तास लागले. त्याच रात्री छातीत ठेवलेल्या ड्रेनमधून, म्हणजे साचलेलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून, रक्त जास्त यायला लागलं, म्हणून छाती पुन्हा उघडावी लागली. श्वासाची नळी घशात एकूण ३३ तास होती.

नळी काढली आणि आवाज आला नाही. "नळीमुळे घसा बसलाय, चार दिवसांत येईल," असं सांगण्यात आलं, आणि बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. पण तिसऱ्या दिवसाच्या नर्सिंग नोंदीत एक ओळ होती : पाणी पिताना खोकला. ती ओळ आणि बसलेला आवाज या दोन गोष्टी कुणी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. आठव्या दिवशी आप्पा घरी आले.

अकराव्या दिवशी पुतण्याचा मला फोन आला. ते कुटुंब माझ्या ओळखीचं. "डॉक्टर, आप्पांचा आवाज अजून बसलेलाच आहे ओ." मीही तेच म्हणालो : नळीची सूज असेल, वाफ द्या, आठ दिवस बघू. फोनवर दोनच प्रश्न विचारायला हवे होते. पाणी पिताना ठसका लागतो का? आणि नीट खाकरता येतं का? ते मी विचारले नाहीत. पंधराव्या दिवशी आप्पांना ताप भरला, दम लागला आणि उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला. आठवडाभर चहा-पाण्याचे थेंब श्वासनलिकेत उतरत होते. सतराव्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा तपासलं. त्या सहा दिवसांची चूक माझी आहे, आणि हे प्रकरण लिहायला घेण्याचं ते एक मोठं कारण.

दुर्बिणीत काय दिसलं

नाकातून बारीक दुर्बीण घातली. उजवा स्वरतंतू व्यवस्थित हलत होता. डावा मधल्या रेषेपासून थोडा बाजूला, किंचित बाकदार होऊन निश्चल पडला होता. "ई" म्हणायला सांगितलं की उजवा तंतू मध्यापर्यंत यायचा, पण डावा त्याला भेटायला येतच नव्हता. मधल्या फटीतून हवा निसटून जायची. डाव्या बाजूच्या खळग्यात लाळ साचली होती, आणि निळा रंग घातलेलं एक चमचा पाणी दिलं तेव्हा त्यातलं थोडं तंतूंच्या खाली उतरताना दिसलं. त्यावर आप्पा खोकले, पण त्या खोकल्यात जोर नव्हता. खोकल्यासाठी आधी दोन्ही तंतू घट्ट मिटावे लागतात, मग आत दाब साठतो आणि तो फुटतो. इथे दाब साठतच नव्हता. छातीच्या मधलं उभं हाड कापलेल्या माणसाला कफ बाहेर काढता येणं किती गरजेचं असतं ते वेगळं सांगायला नको.

एका श्वासात "आ" किती वेळ धरता येतो हे मोजलं तर जेमतेम ४ सेकंद. निरोगी माणूस १५ सेकंदांच्या पुढे सहज जातो.

इथे एक खात्री करून घ्यावी लागते. श्वासाची नळी घालताना स्वरयंत्राच्या मागच्या छोट्या कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, सांधा निखळला, तरी तंतू असाच पडून राहतो. आप्पांच्या बाबतीत उजवी कूर्चा मध्ये आली की तिच्या धक्क्याने डावी थोडी डुलायची. म्हणजे सांधा मोकळा होता आणि बिघाड नसेत होता. तंबाखूचा इतिहास असल्याने कवटीच्या तळापासून छातीपर्यंत सीटी स्कॅनही केला. डाव्या फुफ्फुसाचा कर्करोग कधी कधी नेमका याच नसेला धरतो, आणि "ऑपरेशनमुळेच झालं असेल" असं गृहीत धरून तो निसटू द्यायचा नसतो. स्कॅनमध्ये गाठ नव्हती.

नस इतकी लांब का जाते

स्वरतंतू हलवणारी नस मेंदूकडून थेट स्वरयंत्रात येत नाही. व्हेगस नावाची मोठी नस मानेतून छातीत उतरते, आणि तिची एक फांदी परत वर वळून श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून स्वरयंत्रापर्यंत चढते. परत फिरणारी म्हणून तिचं नाव रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह. उजवीकडची फांदी गळ्याच्या मुळाशी, हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून लगेच परत फिरते. डावीकडची मात्र छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळते. म्हणून डावी नस उजवीच्या जवळजवळ दुप्पट लांब.

याचं मूळ गर्भात आहे. गर्भ लहान असताना हृदय मानेजवळ असतं आणि नस रक्तवाहिन्यांच्या एका कमानीखालून स्वरयंत्राकडे जाते. पुढे हृदय छातीत उतरतं आणि ती कमान नसेला सोबत खाली ओढून नेते. जिराफात तर हीच नस काही मीटर लांब असते. माणसाच्या छातीत ती नेमकी अशा जागी अडकते, जिथे हृदयाच्या, फुफ्फुसाच्या आणि अन्ननलिकेच्या सर्जनांना काम करावं लागतं.

दुसऱ्या शतकात गेलनने जिवंत डुकरांच्या या नसा दाबून त्यांचं किंचाळणं थांबतं हे दाखवलं होतं. आणि हृदयाच्या आजाराने, कुठलंही ऑपरेशन न होता, आवाज जाऊ शकतो हे १८९७ साली व्हिएन्नात नॉर्बर्ट ऑर्टनरने नोंदवलं. झडप आकसल्याने फुगलेल्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यामुळे नस चेपली जाते. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही दिसतात, त्यामुळे ही नोंद आपल्यासाठी जुनी झालेली नाही. अशा रुग्णाचे तंतू ऑपरेशनआधीच पाहून ठेवले, तर नंतर काय नवं आणि काय जुनं याचा घोळ होत नाही. आप्पांच्या बाबतीत ते कुणी पाहिले नव्हते. त्यांचा आवाज आधी चांगला होता याचा आमच्याकडे पुरावा एकच, तो व्हिडिओ.

कशामुळे झालं असेल

सर्जनना फोन केला. त्यांनी ऑपरेशनची नोंद समोर घेऊन सगळं मोकळेपणाने वाचून दाखवलं. आम्ही दोघांनी एकेक शक्यता तपासली. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण जोखीम नेमकी कुठून येते ते इथेच उलगडतं.

पहिली शक्यता बर्फाची. हृदय थांबवून ऑपरेशन करतात तेव्हा ते थंड ठेवायला कधी कधी बर्फाचा चुरा छातीत घालतात, आणि त्या गारठ्याने आजूबाजूच्या नसा बधिर होऊ शकतात. आप्पांचं हृदय थांबवलंच नव्हतं, त्यामुळे ही शक्यता गेली. दुसरी, मानेतल्या शिरेत घातलेली सलाइनची मोठी नळी. ती घालताना सुई नसेला लागू शकते. पण ती उजवीकडे होती आणि लकवा डावीकडे, म्हणून तीही बाद.

तिसरी, डावी आतली धमनी सोडवणं. ती वरच्या टोकापर्यंत, पहिल्या बरगडीच्याही वर सोडवावी लागते. तिथे व्हेगस आणि श्वासपटलाकडे जाणारी फ्रेनिक नस, दोन्ही अगदी जवळ असतात. ओढ लागणं, डायथर्मीची, म्हणजे रक्तस्राव थांबवायच्या विजेच्या उपकरणाची, उष्णता लागणं, दोन्ही शक्य असतं. आता एक दुवा हाती लागला. न्यूमोनियाच्या वेळच्या एक्सरेत डावं श्वासपटल उजव्यापेक्षा वर चढलेलं होतं. एरवी डावं खाली असतं. म्हणजे फ्रेनिकलाही थोडी इजा झाली असावी. दोन्ही नसा त्याच वरच्या कोपऱ्यात जवळ येतात, म्हणून माझा सगळ्यात मोठा संशय तिथेच आहे. उभं हाड फाकवणाऱ्या रिट्रॅक्टरची ओढही त्यात भर घालते, आणि आप्पांची छाती एका दिवसात दोनदा फाकवली गेली.

चौथी, श्वासाची नळी. नळीच्या टोकाजवळ हवेचा फुगा असतो. तो तंतूंच्या जरा खाली बसायला हवा. नळी थोडी वर सरकली किंवा फुग्यातला दाब वाढला, तर स्वरयंत्रात शिरलेली नसेची पुढची फांदी फुगा आणि थायरॉइड कूर्चा यांच्यामध्ये चेपली जाते. फुग्यातला दाब साधारण २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका ठेवतात. भुलेत नायट्रस ऑक्साइड वापरला असेल तर तो वायू फुग्यात शिरून दाब आपोआप वाढवतो. बोटाने दाबून अंदाज घेणं पुरेसं नसतं, दाबमापक लावावा लागतो. शिवाय ऑपरेशनच्या वेळी हृदय पाहण्यासाठी अन्ननलिकेत अल्ट्रासाउंडची जाड नळी घातली होती, आणि नंतर नाकातून पोटात जाणारी नळीही होती. पुढून फुगा, मागून या नळ्या आणि त्यांच्या मधल्या खाचेत नस.

या नळीच्या बाबतीत २००७ साली जपानमधून आलेला एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. भुलेसाठी नळी घातलेल्या ३१ हजारांहून जास्त रुग्णांत स्वरतंतूचा लकवा फक्त २४ जणांना झाला. पण नळी ३ ते ६ तास राहिली तर धोका दुप्पट, ६ तासांच्या पुढे सुमारे १५ पट. पन्नाशीनंतर तिप्पट, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर दुप्पट. बाधित रुग्णच थोडे असल्याने हे पट तंतोतंत धरू नयेत, पण दिशा स्पष्ट आहे. आप्पांकडे पाहा : वय ६१, मधुमेह, रक्तदाब आणि ३३ तास नळी. मधुमेहाने नसांचं पोषण आधीच कमी झालेलं असतं. निरोगी नस जो दाब किंवा ओढ सोसून सावरते, तेवढ्यानेच अशी नस लुळी पडते.

म्हणून माझं मत असं की आप्पांचा आवाज कुठल्याही एका गोष्टीने गेला नाही. वरच्या टोकाची ओढ, दोनदा फाकलेली छाती, दीड दिवसाची नळी आणि १४ वर्षांची साखर हे सगळं एकावर एक रचत गेलं. नातेवाईक नेहमी विचारतात, "नक्की कुणामुळे झालं?" आप्पांच्या पुतण्यानेही विचारलं. त्याला मी हेच सांगितलं, आणि सर्जनच्या नोंदीच त्याच्यासमोर वाचल्या. त्याचा राग त्या वाचनाने बराच निवळला.

बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशनांत हे दर शंभरात एखाद-दोघांनाच होतं. छातीची इतर ऑपरेशनं यापेक्षा कितीतरी जोखमीची असतात. सगळ्यात जास्त धोका महाधमनीच्या कमानीच्या ऑपरेशनात, कारण तिथे नसेच्या वळशावरच काम करायचं असतं. डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढताना कमान आणि फुफ्फुसधमनी यांच्या मधल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागतात आणि नस तिथूनच वळते. अन्ननलिकेचा कर्करोग काढताना तर नसेलगतच्या लसिकाग्रंथी काढणं हा ऑपरेशनचाच भाग असतो. आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांत बंद न झालेली डक्टस ही रक्तवाहिनी बांधताना. १९३८ साली बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी ती पहिल्यांदा यशस्वीपणे बांधली. डावी नस त्याच वाहिनीला खेटून वळते, आणि किलोभर वजनाच्या बाळात ती धाग्याएवढी बारीक असते. ऑपरेशननंतर अशा बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा दूध पिताना ते निळं पडायला लागलं, तर बालरोगतज्ज्ञांनी तंतू पाहून घ्यायलाच हवेत.

दोन्ही तंतू एकदम लुळे पडले तर गोष्टच वेगळी. तेव्हा आवाज फारसा जात नाही, श्वास अडतो, आणि ती तातडीची वेळ असते.

उपचार

पहिला उपचार गिळण्याचा. न्यूमोनिया आटोक्यात येईपर्यंत पातळ काहीही बंद. आक्कांनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीने, हे फार नेटाने सांभाळलं. पाण्याऐवजी घट्ट आंबील, आमटीत चांगली कुस्करलेली भाकरी, ताकाऐवजी दही. गिळताना हनुवटी छातीकडे आणि मान डावीकडे वळवायची. लुळ्या बाजूला मान वळवली की ती वाट दाबली जाते आणि घास उजवीकडून नीट उतरतो. "चहा तेवढा सोडवत नाही ओ," असं आप्पा कुजबुजले. चहा बंद केला नाही, एका वेळी एक चमचा घ्यायला सांगितला.

आवाजाचे व्यायाम वाचा-उपचारतज्ज्ञ ताईंनी घेतले. एरवी अशा रुग्णाला खुर्ची किंवा भिंत ढकलत आवाज काढायला सांगण्याची जुनी पद्धत आहे. उभं हाड जुळत असताना ती चालत नाही. जोर छातीवर येतो. त्यामुळे श्वासावर ताबा, हळू उच्चार आणि थोड्या जोराच्या गुणगुणण्यावर भर दिला.

पाचव्या आठवड्यात आम्ही लुळ्या तंतूत हायल्युरॉनिक आम्लाचं इंजेक्शन दिलं. नाकातून दुर्बिणीने बघत, गळ्यावरून बारीक सुईने, जागेपणीच. हृदयतज्ज्ञांना विचारून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवली. तंतू फुगून मध्याकडे सरकला आणि उजवा त्याला टेकू लागला. "आ" १० सेकंदांवर गेला. आप्पांना मोठा फरक वाटला तो पाणी पिण्यात. त्याच संध्याकाळी त्यांनी अर्धा पेला पाणी ठसका न लागता प्यायलं.

हे इंजेक्शन काही महिन्यांत विरतं, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य. नस रोज सुमारे एक मिलिमीटर वाढते, परतायचीच असेल तर तिला वेळ द्यावा लागतो. म्हणून कायमच्या ऑपरेशनसाठी साधारण नऊ महिने ते वर्षभर थांबतात. पण तेवढा काळ रुग्णाला ठसके खात बसवायचं काहीच कारण नाही. हे माझं ठाम मत आहे. "वर्षभर वाट बघा" एवढंच सांगून घरी पाठवलेले रुग्ण माझ्याकडे दर वर्षी येतात, आणि त्यातल्या काहींना तोवर दोनदा न्यूमोनिया होऊन गेलेला असतो.

वर्ष उलटलं. तंतूत थोडा ताण परत आला, बाक कमी झाला, पण हालचाल आली नाही. इंजेक्शन विरल्यावर "आ" ७ सेकंदांवर घसरला. घरात बोलणं भागत होतं. यार्डात मात्र आप्पा खुर्ची टाकून पट्टी लिहायचे आणि सौदा पुतण्या पुकारायचा.

तेराव्या महिन्यात थायरोप्लास्टी केली. जपानच्या इश्शिकी यांनी १९७४ साली रूढ केलेलं हे ऑपरेशन : थायरॉइड कूर्चेला एक छोटी खिडकी पाडायची आणि सिलिकॉनच्या तुकड्याने तंतू आतून मध्याकडे ढकलून ठेवायचा. हे जागेपणी करतात, कारण तुकडा किती आत सरकवायचा हे रुग्णाच्या आवाजावरूनच ठरतं. एरवी मी रुग्णांना आकडे मोजायला सांगतो. आप्पांना म्हटलं, "बोला आप्पा, काहीही बोला." ते टेबलावर पडल्या पडल्या भाव पुकारायला लागले. "चौदा हजार... चौदा दोनशे... चौदा पाचशे..." तुकडा जरा आत गेला की आवाज दाटायचा, जास्त झालं की घुसमटायचा. एका जागी तो स्वच्छ झाला आणि भूलतज्ज्ञ मॅडमनी मान डोलावली. तिथेच तुकडा बसवला.

आता "आ" १४ सेकंद येतो. मार्केट यार्डातली पूर्वीची ती आरोळी परत आलेली नाही आणि ती येणार नाही, हे आप्पांना ठाऊक आहे. नव्या हळदीच्या हंगामात सकाळचा पहिला लॉट ते पुकारतात, पुढचे पुतण्या. मागच्या तपासणीला आले तेव्हा बाहेरच्या बाकावर चहा पीत होते. हनुवटी खाली, मान डावीकडे. आता त्याची गरज उरलेली नाही. मी त्यांना तसं सांगितलं नाही.